सायकलच्या फ्रेमवरची जुनी प्रोटेक्टर फिल्म रंग न उडवता कशी काढायची?

मोबाईलचा जुना स्क्रीनगार्ड काढायचा असला की आपण काय करतो? कोपऱ्यात नख घालतो, जरासा उचलतो आणि ओढतो. दहा सेकंदांत काम फत्ते, खालची काच जशीच्या तशी. हीच सवय घेऊन मी मे महिन्याच्या सुट्टीत रत्नागिरीला मामाच्या सायकलसमोर बसलो. आठ वर्षांपूर्वी मामाने फ्रेमला पारदर्शक फिल्म लावून घेतली होती. आता ती पिवळी पडली होती, कडांना काळी माती धरली होती. सायकल मला मिळणार होती. अट एकच होती: "रंगाला काही करू नकोस, तसला निळा आता मिळत नाही." मी कोपरा उचलला, स्क्रीनगार्डसारखाच टरकन ओढला, आणि फिल्मच्या पाठीला चिकटून रुपयाच्या नाण्याएवढा निळा टवका बाहेर आला. खाली गंजलेलं लोखंड.

मामा ओटीवर पेपर वाचत होता. मी त्याला लगेच सांगितलं नाही हे कबूल करतो. आधी हात थांबवला, मग नीट विचार करून उरलेली फिल्म काढली. त्याला दोन संध्याकाळी लागल्या, पण दुसरा टवका उडाला नाही. त्या दोन संध्याकाळी आणि त्यानंतर मित्रांच्या तीन-चार सायकलींवर हात चालवून जे कळलं ते इथे लिहितोय.

मुळात काढायची गरज आहे का?

फिल्म पारदर्शक असेल, कडा बसलेल्या असतील, आत माती किंवा पाणी शिरलेलं नसेल तर तिला हात लावू नका. नुसती जुनी झाली हे काढायचं कारण नाही. ती तिचं काम करतेय.

काढायला लागते ती तीन वेळा. एक, फिल्म पिवळी पडून तडकली आणि सायकल विकायला काढायची आहे. दोन, तुम्ही सेकंडहँड सायकल घेतलीय आणि जोडांजवळ फिल्म चिकटवलेली आहे. तिच्याखाली भेग आहे की नाही हे बघायलाच पाहिजे, कारण भेग लपवायलाही लोक स्टिकर लावतात. तीन, लोखंडी म्हणजे स्टीलची फ्रेम आहे आणि फिल्मखाली फुगा किंवा तांबूस डाग दिसतोय. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. कोकणात, मुंबईत, कुठेही खारी हवा आणि चार महिने पाऊस असेल तिथे फिल्मच्या सुटलेल्या कडेतून ओल आत जाते आणि बाहेर यायला तिला वाट नसते. वरून सगळं चकचकीत दिसतं आणि आत नळी गंजत राहते. अशी फिल्म ठेवण्यापेक्षा काढताना थोडा रंग गेलेला परवडला.

नव्या सायकलवरचं कंपनीचं पॅकिंगचं प्लास्टिक हा आणखी वेगळा विषय. सीटवरचं प्लास्टिक वर्षभर तसंच ठेवायची आपल्याकडे हौस असते. फ्रेमवरचं तरी पहिल्या आठवड्यात काढून टाका. ते संरक्षणासाठी नसतं, ट्रकमधल्या प्रवासापुरतं असतं आणि उन्हात ते फ्रेमला घट्ट धरून बसतं.

रंग फिल्मबरोबर का येतो?

मोबाईलची काच हा एकच पदार्थ आहे. स्क्रीनगार्डचा गोंदही मुद्दाम मऊ आणि सहज सुटेल असा बनवलेला असतो. सायकलची फ्रेम तशी नाही. धातूवर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर बहुतेक वेळा पारदर्शक क्लिअर कोट, आणि त्यावर तुमच्या फिल्मचा गोंद. ही थरांची चळत आहे. वरून ओढलं की जो जोड सगळ्यात कच्चा तो सुटतो. गोंद आणि क्लिअर कोट यांच्यातला जोड कच्चा असेल तर फिल्म स्वच्छ निघते. रंग आणि धातू यांच्यातला जोड कच्चा असेल तर रंग निघतो. पुढचे सगळे उपाय एवढ्याचसाठी आहेत: गोंदाचा जोड तात्पुरता कच्चा करायचा.

कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग, विशेषतः पावडर कोटिंग, धातूला फार घट्ट धरतो. त्याची भीती कमी. भीती तीन ठिकाणी आहे. जिथे आधीच टवका उडालेला होता आणि त्याच्यावरच फिल्म लावली. जिथे फ्रेम नंतर कुणी साध्या स्प्रेने रंगवून घेतली, भट्टी न लावता. आणि जिथे रंगाखाली गंज सुरू झालाय. मामाच्या सायकलला पहिलं आणि तिसरं दोन्ही होतं. दगड लागून टवका उडाला होता, तो झाकायलाच मामाने फिल्म लावून घेतली होती. म्हणजे मी ओढली ती नेमकी सर्वात वाईट जागा.

हे कळायचा साधा मार्ग आहे. हात लावण्याआधी मोबाईलचा टॉर्च नळीवर आडवा, अगदी तिरपा धरा आणि फिल्म बारकाईने बघा. फुगा, बारीक खड्डा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा, तांबूस छटा असं काहीही दिसलं की त्या जागेभोवती मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावून खूण करा. एक फोटोही काढून ठेवा. सायकल दुसऱ्याची असेल तर फोटो नक्कीच काढा, नंतर "हे आधीपासून होतं" हे सांगायला उपयोगी पडतो.

मग नख घेऊन फ्रेमवरच्या नावावर, कंपनीच्या अक्षरांवर अलगद फिरवा. अक्षरांची कड नखाला लागली तर ती क्लिअर कोटच्या वर आहेत, म्हणजे नुसते स्टिकर. फिल्म त्यांच्यावर चिकटवलेली असेल तर ती अक्षरं फिल्मबरोबर येतील, ते टाळता येणं जवळपास अशक्य आहे. जुन्या काळ्या सायकलींवरच्या सोनेरी रेषांचंही तसंच, त्या नाजूक असतात. आजोबांची सायकल असेल तर तिथे फिल्म काढायचा मोह आवरा.

फिल्म कोणती आहे?

बाजारात ढोबळमानाने दोन जाती मिळतात. एक पॉलियुरेथेनची, जिला सायकलवाले हेलिकॉप्टर टेप म्हणतात, कारण हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने झिजू नयेत म्हणून तसली टेप वापरतात. दुसरी पीव्हीसीची, म्हणजे विनाइल. आपल्याकडे नंबरप्लेटवाला किंवा रेडियमवाला जी पारदर्शक शीट कापून लावून देतो ती बहुतेक हीच.

ओळखायचं कसं? सुटलेला कोपरा जरा ताणून बघा. रबरासारखा ताणला आणि परत आला तर पॉलियुरेथेन. तुमचं नशीब चांगलं, ही मोठमोठ्या पट्ट्यांमध्ये निघते. कडक लागला, तुटला, नखाएवढे तुकडे पडले तर जुनं विनाइल. त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं वर्षानुवर्षं झिरपून जातात, त्यामुळे वरचं प्लास्टिक पापडासारखं होतं आणि खालचा गोंद उलटा चिकट गाळ होतो. ह्याला दुप्पट वेळ धरा.

दुकानाचा कागदी स्टिकर असेल तर वेगळंच सोपं आहे. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं वीस मिनिटं गुंडाळून ठेवा, कागद पाणी पितो आणि लगदा होऊन निघतो. प्लास्टिक पाणी पीत नाही, म्हणून तिथे हे चालत नाही.

गरम करायचं, पण किती?

हा गोंद कधी वाळत नाही. तो दाबाने चिकटतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाहत रंगाच्या बारीक खाचांमध्ये शिरून बसतो. त्याची वागणूक समजायला गुळाचा पाक आठवा. थंड झाला की टणक, झटका दिला की तुटतो आणि ताटाचाही कपचा काढेल. कोमट असला की तार सुटते, ताणतो, सोडतो. फार गरम केला की पातळ होऊन सगळा ताटालाच राहतो. फिल्मच्या गोंदाचं अगदी तसंच आहे. थंड फिल्म ओढली तर रंग जातो. अति गरम केली तर फिल्म निघते, पण गोंदाचा थर फ्रेमवर उरतो आणि तुमचं पुढचं काम तिप्पट होतं. मधली अवस्था पाहिजे.

ती मधली अवस्था साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. थर्मामीटर लागत नाही. नळीवर तळहात ठेवता आला पाहिजे, पण ठेवून बसावंसं वाटलं नाही पाहिजे. हात झटकन मागे घ्यावा लागला तर जास्त झालं, थांबा.

ताईचा हेअर ड्रायर मागून घ्या. मध्यम उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, सतत हलवत ठेवा, एका जागी रोखून धरू नका. एका वेळी चार बोटं रुंद जागा, तीस-चाळीस सेकंद, बस. घरात ड्रायर नसेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल नळीला गुंडाळा, दोन-तीन मिनिटं ठेवा, निवला की परत बुडवा. खरं सांगायचं तर मला ही पद्धत जास्त आवडली, कारण पाण्याने फ्रेम भाजण्याची शक्यता नाही आणि लाईट गेले तरी काम थांबत नाही. आणि मे महिना असेल तर सायकल अंगणात तासभर उभी करा, ऊन फुकट आहे.

हीट गन मात्र नको. मोबाईल रिपेअरवाले वापरतात म्हणून ती सोपी वाटते, पण तिच्या तोंडाची हवा कित्येक शे अंशांवर जाते. रंगावर फोड यायला काही सेकंद पुरतात. लायटर, मेणबत्ती, इस्त्री यांच्याबद्दल वेगळं लिहायला नको, तरी लिहितो: नाही म्हणजे नाही. इलेक्ट्रिक सायकल असेल तर बॅटरी काढून दुसऱ्या खोलीत ठेवा, मगच गरम करायला घ्या.

ओढायची रीत

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

कोपरा उचलायला ब्लेड, पेचकस, सुरी वापरू नका. क्लिअर कोटवर गेलेली एक चीर आयुष्यभर दिसते. नख चालतं. नाहीतर जुनं एटीएम कार्ड, गिटारचं प्लेक्ट्रम, मोबाईल उघडायची प्लास्टिकची पातळ पट्टी. कोपरा गरम करा, नख कडेला समांतर सरकवा, बोटाच्या पेराएवढं सुटलं की थांबा.

आता दिशा. बहुतेक लोक फिल्म सरळ वर ओढतात, फ्रेमपासून लांब, काटकोनात. मीही तेच केलं होतं. त्याऐवजी सुटलेला भाग स्वतःवरच मागे दुमडा, चादर मागे सारतो तसा, आणि फ्रेमला जवळजवळ घासत मागच्या दिशेने ओढा. कागदावरच्या हिशोबाने पट्टी पूर्ण मागे दुमडून ओढायला लागणारा जोर हा सरळ वर ओढायच्या जोराच्या जवळपास निम्मा असतो. फिल्म तेवढीच, गोंद तोच, फक्त हाताची दिशा बदलली. आणि रंगाला धातूपासून वर उचलणारा जो ताण असतो तो कमी होतो. दुसरा हात मोकळा असतो, त्याचा अंगठा फिल्म सुटतेय त्या रेषेच्या जरा पुढे ठेवून नळी दाबून धरा.

वेग? दोन-तीन सेकंदांना एक सेंटिमीटर. ऐकायला चेष्टा वाटते, पण नळीची पूर्ण लांबी तीन मिनिटांत होते. झटका दिला की गोंद टणक पदार्थासारखा वागतो आणि सगळा जोर खाली रंगावर जातो. हळू ओढला की तो ताणतो आणि सोडतो. कानावरही भरवसा ठेवा. सलग मऊ "सर्रर" आवाज चांगला. "टक् टक्" असा अडखळत आवाज आला म्हणजे गोंद थंड झालाय, परत ड्रायर घ्या. पांढऱ्या तारा दिसायला लागल्या आणि गोंद फ्रेमवर राहायला लागला तर जास्त गरम झालंय, अर्धा मिनिट थांबा.

पॉलियुरेथेन असेल तर आणखी एक युक्ती चालते. सुटलेला भाग नळीच्या रेषेतच, समांतर, रबर ताणतो तसा ताणा. फिल्म पातळ होते आणि गोंद कडेपासून आपोआप सोडत जातो. भिंतीवरचे ओढून काढायचे हुक बघितले असतील, तीच गोष्ट. विनाइलवर हे करायला जाऊ नका, तुकडा हातात येईल.

मास्किंग टेपने खूण केलेल्या जागांचं काय? तिथे एका बाजूने ओढत पलीकडे जाऊ नका. चारही बाजूंनी त्या जागेपर्यंत या आणि थांबा. मधे नाण्याएवढं बेट उरेल. त्याच्या कडांना खोबरेल तेलाचं बोट फिरवा, तासभर जाऊ द्या, मग नखाने कडेकडेने आत तेल सारत सोडवा. गोंद तेलाने मऊ पडतो आणि ओढावं लागतच नाही, सरकवता येतं. मी नंतर मामाच्या सायकलवरचे असे दोन फुगे ह्याच रीतीने सोडवले. एकाखाली गंज निघाला, पण रंगाची कड जागेवर राहिली, म्हणजे दुरुस्ती शेंगदाण्याएवढीच करावी लागली.

फोमची जाड पट्टी असेल, जशी चेनच्या बाजूच्या नळीवर आवाज कमी करायला लावतात, तर तिला ओढू नका. गरम करा आणि दात साफ करायचा फ्लॉस किंवा तंगूस तिच्याखालून करवतीसारखा पुढे-मागे सरकवत न्या. फोम वेगळा होतो, खाली गोंद उरतो, त्याचं पुढे बघू.

उरलेला गोंद

इथे सगळे चुकतात. फिल्म निघाली म्हणून खूश होतात आणि मग हाताला येईल ते ओततात. थिनर, पेट्रोल, नेलपेंट रिमूव्हर.

थिनर हा रंग पातळ करायला आणि रंगाचे ब्रश धुवायलाच बनवलेला असतो. तो गोंद काढेल आणि रंगही काढेल, त्याला फरक कळत नाही. नेलपेंट रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा ॲसिटोन असतं, त्याची तीच गत. पेट्रोलने भाजलेला रंग कदाचित टिकेल, पण स्प्रेचा नाही. शिवाय घरात उघडं पेट्रोल आणि शेजारी ड्रायर, याहून वेगळं कारण कशाला पाहिजे?

क्रम असा ठेवा, मऊपासून कडककडे. आधी नुसता अंगठा. गोंद कोमट असताना अंगठ्याने एकाच दिशेने घासला की त्याच्या मळीसारख्या गोळ्या होतात. जमत नसेल तर पॅकिंगची ब्राऊन टेप घ्या, चिकट बाजू गोंदावर दाबा, उचला, परत दाबा. गोंदाला गोंद धरतो. अर्धं काम इथेच होतं, तेही कुठलंही रसायन न वापरता.

मग तेल. घरचं खोबरेल चालतं, निलगिरीचं तेल त्याहून चांगलं आणि ते मेडिकलमध्ये मिळतं. कापसावर घ्या, गोंदावर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं विसरा, मग सुती फडक्याने पुसा. कडक घासणी किंवा स्वयंपाकघरातला हिरवा स्क्रबर लावला तर क्लिअर कोट कायमचा धुरकट होईल.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. मोबाईल रिपेअरवाले बोर्ड साफ करायला जे वापरतात तेच. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या वस्तूंच्या दुकानात मिळतं, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. तेलाचा ओशटपणा आणि गोंदाचा शेवटचा थर ते उचलतं. पण पहिल्यांदा चाचणी. सायकल उलटी करा आणि पायडलचा ॲक्सल जिथून जातो त्या भागाच्या खालच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही, पांढऱ्या फडक्याने आयपीए लावून अर्धा मिनिट हलकं पुसा. फडक्याला रंग लागला तर तुमची फ्रेम नंतर रंगवलेली आहे, तिथे आयपीए बंद, फक्त तेल आणि साबणाचं पाणी. रंग नाही लागला तर पुढे जा. आयपीए फडक्यावर घ्यायचं, फ्रेमवर ओतायचं नाही, आणि खिडकी उघडी, ड्रायर बंद. ते पटकन पेट घेतं.

एक गोष्ट लोक विसरतात आणि ती रंगापेक्षा मोठी आहे: ब्रेक. तेल असो की दुकानातला स्प्रे, डिस्क ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर उडाला तर ब्रेक लागत नाही. पॅड तेल पितात आणि मग बहुतेक वेळा ते बदलावेच लागतात. रबरी ब्रेक असतील तर रिमची कड सांभाळा. चाकं काढून बाजूला ठेवता आली तर उत्तमच. नाहीतर डिस्क आणि कॅलिपर दोन्हीवर प्लास्टिकची पिशवी बांधा. स्प्रे असेल तर नेहमी फडक्यावर मारा, फ्रेमच्या दिशेने कधीच नाही. काम झाल्यावर सायकल रस्त्यावर न्यायच्या आधी गल्लीतच दोन्ही ब्रेक दोन-चारदा दाबून बघा.

कार्बन आणि मॅट फ्रेम

कार्बन फ्रेम असेल तर सगळं तसंच, फक्त जास्त सावकाश. तिचे धागे रेझिनमध्ये बसवलेले असतात आणि रेझिनला जास्त उष्णता सोसत नाही. म्हणून ड्रायरऐवजी गरम टॉवेल वापरा. धातूची कुठलीही वस्तू जवळ आणू नका, कारण क्लिअर कोटमधून गेलेली चीर इथे नुसता डाग राहत नाही, ती धाग्यांपर्यंत पोचू शकते. फिल्म निघाल्यावर टॉर्चने जोडांजवळ नीट बघा. रेघ दिसली आणि ती पुसून जात नसेल तर चालवायच्या आधी जाणकाराला दाखवा.

मॅट रंगावर तेल कमीत कमी वापरा, कारण ते खडबडीत पृष्ठभागात बसून डाग दिसतो. साबणाचं पाणी आणि थोडं आयपीए एवढ्यावर भागवा. पॉलिश, मेण, रबिंग कंपाउंड मॅटवर लावायचं नाही. जिथे घासाल तिथे चमक येईल आणि ती परत मॅट करता येत नाही.

काढल्यानंतर

धुऊन पुसून झालं की तुम्हाला बहुतेक फिल्मचा आकार फ्रेमवर उमटलेला दिसेल. आजूबाजूचा रंग उन्हाने फिका झालेला असतो, झाकलेला ताजा राहिलेला. हा गोंद नाही, घासून जाणार नाही. चकचकीत रंगावर गाडीचं साधं पॉलिश हलक्या हाताने मारलं तर फरक थोडा कमी होतो, पण रबिंग कंपाउंडने घासत बसू नका, क्लिअर कोट मुळातच पातळ असतो. मामाच्या सायकलवर ही छटा अजून आहे. मला ती आता खुपत नाही.

नवी फिल्म लावायची असेल तर सगळीकडे लावू नका. पुढच्या नळीवर जिथे केबल घासते तिथे, चेनच्या बाजूला आणि खालच्या नळीच्या पोटाला जिथे चाकाने उडालेले दगड लागतात तिथे, बास. आणि टवका उडालेल्या जागेवर आधी रंग, मग फिल्म, उलटं नाही.

माझा तो नाण्याएवढा टवका असा बुजवला: गंज बारीक पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासला, आयपीएने पुसला, प्रायमरचा एक पातळ हात, दिवसभर वाळवला, मग निळी नेलपेंट, तीन पातळ हात. सायकलच्या टचअपला नेलपेंट ही जुनी युक्ती आहे, पण रंगछटा जुळवणं कठीण. मामीने बाजारात उभं राहून सात बाटल्या नखावर लावून बघितल्या आणि आठवी निवडली. मग मी मामाला सगळं सांगितलं. त्याने चष्मा वर करून त्या जागेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "अरे, हा टवका माझाच आहे. भाट्याच्या पुलावर उडाला होता. मी फिल्मखाली घातला म्हणून वाटलं, संपलं."